नांवांच्या तारखा

काखेंत कळसा आणि गांवाला वळसा ही म्हण आपल्याकडे इतकी रुळलेली आहे कीं, एखादा सोपा उपाय कोणाच्या ध्यानांत आला नाहीं असें दिसतांच ती आपोआप ओठांवर येते. म्हण उच्चारणाऱ्याचा सूरही ठरलेला असतो. वळसा घालणारा तो मूर्ख, आणि आपण तेवढे शहाणे! परंतु इतिहासाच्या अभ्यासकाचें एवढ्यानें समाधान होत नाहीं. कळसा काखेंत होता हें खरें. पण तो तेथें आहे हें त्या बिचाऱ्यास कां उमगलें नाहीं, आणि गांवांतील इतर मंडळींनीं तरी त्यास वेळींच कां सांगितलें नाहीं, हे प्रश्न उरतातच. या प्रश्नांचा विचार करण्यास उपयोगी पडेल असें एक प्रकरण अगदीं अलीकडच्या काळांत घडून गेलें आहे. तें जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत घडलें असलें, तरी त्याचें मूळ जमाखर्चाच्या वहींत आहे.

इ. स. २०२० च्या ऑगस्ट महिन्यांत, मानवी जनुकांना नांवें देण्याचें काम जिच्याकडे सोंपविलेलें आहे त्या आंतरराष्ट्रीय समितीनें आपले सुधारलेले नियम 'नेचर जेनेटिक्स' या नियतकालिकांत प्रसिद्ध केले. त्या सुमारास असें जाहीर झालें कीं, मागील वर्षभरांत समितीनें २७ जनुकांचीं नांवें बदललीं आहेत. शास्त्रांत नांवें बदलतात ही गोष्ट नवी नाहीं. नवा शोध लागतो, जुना समज खोटा ठरतो, आणि मग नांवही पालटावें लागतें. परंतु येथें तसें कांहींच झालें नव्हतें. कचेऱ्यांतून हिशेब मांडण्यासाठीं जें एक्सेल नांवाचें संगणकीय साधन सर्रास वापरतात, त्याला हीं नांवें तारखांसारखीं दिसत होतीं, एवढेंच काय तें कारण. आणि नवल असें कीं, या साधनाला तसें करूं न देण्याचा उपाय अत्यंत सोपा असून तो कित्येक वर्षांपूर्वींच छापून प्रसिद्ध झाला होता.

हा प्रकार नीट समजण्यास थोडें मागें जावें लागेल. जमाखर्चाचा मोठा तक्ता मांडण्याचे कष्ट ज्यांनीं कीर्द-खतावणीवर डोळे फोडले आहेत त्यांस सांगावयास नकोत. तक्त्यांतील एक आंकडा चुकला, कीं त्याच्यावर अवलंबून असलेली बेरीज चुकते, त्या बेरजेवरून काढलेली टक्केवारी चुकते, आणि शेवटीं नफ्यातोट्याचा आंकडाही चुकतो. मग खोडरबर घेऊन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सारें पुन्हां करावयाचें. अमेरिकेंतील हार्वर्डच्या व्यापारशिक्षणाच्या विद्यालयांत डॅन ब्रिकलिन नांवाचा एक विद्यार्थी इ. स. १९७८ च्या सुमारास शिकत होता. प्राध्यापक फळ्यावर असाच एक तक्ता मांडीत, आणि एक आंकडा बदलला कीं पुसपूस करून पुढचे सर्व आंकडे नव्यानें लिहीत. तें पाहून ब्रिकलिनच्या मनांत आलें कीं, हा फळाच जर स्वतः हिशेब करूं लागला तर? त्यानें आपला मित्र बॉब फ्रँक्स्टन यास हाताशीं धरलें, आणि १९७९ सालीं त्या दोघांचें 'व्हिजिकॅल्क' हें साधन ॲपल-२ या संगणकासाठीं बाजारांत आलें. त्यांत ६३ रकाने व २५४ ओळी होत्या. बुद्धिबळाच्या पटाप्रमाणें त्यांच्या छेदांतून घरें पडत. एका घरांतील आंकडा बदलला, कीं त्याच्याशीं बांधलेलीं सर्व घरें आपोआप बदलत.

व्यापारी जगांत या साधनानें केवढी उलथापालथ केली याचें वर्णन करण्यास स्वतंत्र लेख लागेल. येथें वंशावळीपुरतेंच सांगतों. १९८३ सालीं मिच केपर व जोनाथन सॅक्स यांचें 'लोटस १-२-३' आलें, आणि त्यानें व्हिजिकॅल्कला मागें टाकलें. १९८५ सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें मॅकिंटॉश संगणकासाठीं व १९८७ सालीं विंडोजसाठीं एक्सेल काढलें, आणि पुढें लोटसचीही तीच गत झाली. हल्लीं आमच्या वाचकांपैकीं ज्यांचे चिरंजीव वा कन्या कोणत्याही कचेरींत कामास आहेत, त्यांच्या घरीं एक्सेल हा शब्द ऐकूं येत नाहीं असा आठवडा जात नसेल.

आतां या साधनाचा स्वभाव पाहूं. तें व्यापाऱ्यांसाठीं जन्मलें. आणि व्यापारांत तारखेवांचून पान हालत नाहीं. हुंडी केव्हां पटवावयाची, व्याज किती दिवसांचें, माल कोणत्या दिवशीं पोहोंचला, सगळें तारखेवर अवलंबून. म्हणून एक्सेल हें प्रत्येक तारीख आपल्या पोटांत एका आंकड्याच्या रूपानें सांठवितें. १ जानेवारी १९०० हा दिवस पहिला धरून त्यापुढील दिवस मोजीत गेलें म्हणजे १ मार्च २०२० ला ४३८९१ हा आंकडा येतो. दोन तारखांमधील दिवस काढावयाचे तर साधी वजाबाकी पुरते. योजना मोठी सुटसुटीत आहे. मात्र तिच्यांत एक गंमत अशी कीं, या मोजणींत २९ फेब्रुवारी १९०० हाही एक दिवस धरलेला आहे. वस्तुतः १९०० हें लीप वर्ष नव्हतें, व तो दिवस कधींच उगवला नाहीं. लोटसमध्यें ही चूक शिरलेली होती; आणि लोटसच्या जुन्या फाइली एक्सेलमध्यें बिनतक्रार चालाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टनें ती जाणूनबुजून तशीच ठेवली. म्हणजे अस्तित्वांत नसलेला एक दिवस लक्षावधि कचेऱ्यांच्या हिशेबांत आजही ठाण मांडून बसला आहे. सोय ही एकदां मिळाली कीं सत्याला थोडें सरकून बसावें लागतें, असें हें उदाहरण पाहून आम्हांस वाटल्यावांचून राहत नाहीं.

अशा स्वभावाच्या साधनाची तुलना आम्हीं एखाद्या अतितत्पर कारकुनाशीं करूं. मालकानें चिठ्ठीवर 'मार्च १' असें घाईघाईनें खरडलें, तर हा कारकून न विचारतां ती नीटनेटकी तारीख करून वहींत चढवितो. मालक खूष होतो. परंतु याच कारकुनाला एखाद्या शाळेचा पट उतरून काढावयास दिला आणि त्यांत 'श्रावण' नांवाचा मुलगा निघाला, तर? चांगला कारकून क्षणभर थांबेल व विचारील. हा थांबणार नाहीं. तो पटावरील मुलाचें नांव खोडून तेथें महिना लिहील, आणि आपण मोठीच सेवा केली अशा समजुतीनें पुढच्या नांवाकडे वळेल.

जनुकांच्या बाबतींत नेमकें हेंच झालें. मानवी जनुकसंचयाचा कच्चा आराखडा २००१ सालीं प्रसिद्ध झाला व २००३ सालीं तें कार्य पुरें झाल्याचें जाहीर झालें. त्याच सुमारास एकाच प्रयोगांत हजारों जनुकांची हालचाल मोजण्याचीं तंत्रें प्रयोगशाळांत रूढ झालीं. प्रथिनें तयार करणारीं मानवी जनुकें सुमारें वीस हजार. तेव्हां एकेका प्रयोगाची यादी हजारों ओळींची होऊं लागली. ती ठेवावयाची कोठें? प्रत्येक संशोधकाच्या टेबलावर, न मागतां, एक्सेल होतेंच. आणि या यादींत कांहीं जनुकांचीं संक्षिप्त नांवें दुर्दैवानें इंग्रजी महिन्यांच्या वळणाचीं होतीं. पेशीच्या पडद्याशीं संबद्ध असलेल्या प्रथिनांच्या एका कुळाचें लांबलचक नांव आद्याक्षरांनीं आखडलें तेव्हां 'मार्च' हा शब्द तयार झाला. त्या कुळांतील पहिलें जनुक तें 'मार्च-१'. दुसरें कुळ सेप्टिनांचें. यीस्टच्या पेशी दुभंगतात कशा याचा शोध लेलंड हार्टवेल यांनीं १९७० च्या सुमारास चालविला होता. त्या कामांतून हीं प्रथिनें पुढें उजेडांत आलीं, आणि पडदा या अर्थाच्या 'सेप्टम' शब्दावरून त्यांस नांव पडलें. त्यांचा संक्षेप 'सेप्ट' झाला, आणि सेप्टेंबरचाही संक्षेप तोच! अन्ननलिकेच्या कर्करोगाशीं संबंधित म्हणून नांव दिलेलें एक जनुक 'डेक-१' होतें. एक्सेलनें त्यास डिसेंबरची पहिली तारीख ठरविलें.

२००४ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेंतील बॅरी झीबर्ग व त्यांचे सहकारी यांनीं 'बीएमसी बायोइन्फर्मेटिक्स' या नियतकालिकांत या घोळाविषयीं एक निबंध लिहिला. त्यांनीं आणखीही एक प्रकार दाखवून दिला. कांहीं जनुकक्रमांकांत आंकड्यांच्या मध्यें 'ई' हें इंग्रजी अक्षर येतें. एक्सेलला वाटतें कीं, ही दहाच्या घातांत लिहिलेली एखादी प्रचंड संख्या आहे, आणि तो क्रमांकही तें संख्या करून टाकतें. याच निबंधांत उपायही सांगितलेला होता. यादी आंत घेण्यापूर्वीं नांवांचा रकाना निवडावा, आणि त्याचा प्रकार 'मजकूर' असा ठरवून द्यावा. मग एक्सेल त्या रकान्यांतील अक्षरास हात लावीत नाहीं. दोनचार कळा दाबण्याचें काम. शाळकरी मुलासही पांच मिनिटांत शिकवितां येईल.

पुढें काय झालें तें पाहण्यासारखें आहे. बारा वर्षांनीं, २०१६ सालीं, मेलबर्न येथील मार्क झीमन, योतम एरेन व आसाम एल्-ओस्टा यांनीं २००५ ते २०१५ या काळांत १८ नियतकालिकांतून प्रसिद्ध झालेल्या निबंधांच्या पुरवण्या तपासल्या. जनुकांच्या याद्या एक्सेलमध्यें जोडलेले ३५९७ निबंध त्यांना आढळले, आणि त्यांपैकीं ७०४ निबंधांत नांवांच्या तारखा वा संख्या झालेल्या होत्या. म्हणजे पांचांत जवळजवळ एक. या निबंधाचा वृत्तपत्रांतून बराच गाजावाजा झाला; आतां तरी मंडळी सावध होतील असें कोणासही वाटलें असतें. परंतु झीमन यांनीं आपल्या नव्या सहकाऱ्यांसह २०१४ ते २०२० या वर्षांचें साहित्य तपासून २०२१ सालीं जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, त्यांत ११,११७ निबंधांपैकीं ३४३६ निबंध, म्हणजे शेंकडा ३०.९, दूषित निघाले. शोधण्याची पद्धति अधिक बारीक झाली होती, हें या वाढीचें एक कारण मानलें, तरी रोग हटला नव्हता हें उघड आहे.

येथें म्हण उच्चारणाऱ्यांचा सूर चढणें स्वाभाविक आहे. एवढे विद्वान्, आणि रकान्याचा प्रकार ठरवितां येऊं नये! आमचें मत मात्र निराळें आहे. हा उपाय सोपा आहे खरा. पण तो सोपा आहे तो ज्याला रोग ठाऊक आहे त्याला. हजारों ओळींच्या यादींत पंचवीस-तीस नांवें बदललीं, तर वरची पांचपन्नास नांवें पाहणाराच्या नजरेस तीं पडणार कशीं? एक्सेल कांहीं सांगत नाहीं, विचारीत नाहीं. निबंध तपासणारे परीक्षक युक्तिवाद वाचतात, आकृत्या पाहतात. पुरवणीतील यादी ओळ न् ओळ वाचणारा परीक्षक आम्हांस तरी भेटलेला नाहीं. शिवाय संशोधकाच्या हातीं येणारी यादी अनेकदां साध्या अक्षरांच्या फाइलींत असते, व तिच्या चित्रावर दोनदां कळ दाबली कीं ती थेट एक्सेलमध्यें उघडते. म्हणजे रकान्याचा प्रकार ठरविण्यापूर्वींच नांवांच्या तारखा होऊन गेलेल्या असतात. तसें होऊं नये तर फाइल अशी न उघडतां दुसऱ्या वाटेनें आंत आणावी लागते. आणि ती वाट आहे हें आधीं ठाऊक असावें लागतें.

सर्वांत वाईट प्रकार पुढेंच आहे. समजा, एखाद्या चाणाक्ष विद्यार्थ्याच्या ध्यानांत तो घोळ आला, आणि त्यानें लगबगीनें तोच रकाना 'मजकूर' प्रकारचा केला. त्या घरांत आतां काय दिसावें? 'मार्च-१' नव्हे, ४३८९१ सारखा पांच आंकड्यांचा क्रमांक! कारण एक्सेलनें नांव केव्हांच टाकून दिलेलें असतें, आणि पोटांत उरलेला असतो तो केवळ दिवसांचा हिशेब. ज्या वर्षीं ती यादी उघडली तें वर्षही कारकुनानें न सांगतां पदरचें घातलेलें असतें. म्हणजे एकच उपाय आधीं केला तर गुणकारी, आणि मागाहून केला तर निव्वळ नवा गोंधळ. बरें, एका संशोधकानें आठवणीनें सर्व नीट केलें, आणि यादी पुन्हां साध्या फाइलींत ठेवून मित्राकडे पाठविली, तर रकान्याचा प्रकार त्या फाइलीबरोबर जात नाहीं. मित्रानेंही तीच काळजी घेतली पाहिजे, आणि मित्राच्या मित्रानेंही. प्रत्येक मनुष्यानें, प्रत्येक वेळीं, न चुकतां आठवणीनें करावयाच्या उपायास सोपा म्हणावें काय, याची आम्हांस शंका आहे. काखेंतला कळसा निदान एकदां सांपडला म्हणजे सांपडतो!

सोपा उपाय खरोखरच हाताशीं असून दृष्टीआड राहिल्याचें उदाहरण पाहिजे असेल, तर तेंही त्याच २०२० सालचें आहे, आणि त्याची किंमत यादींतील नांवांपेक्षां पुष्कळच मोठी होती. इंग्लंडांत कोरोनाची सांथ पुन्हां चढत असतां, २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या दिवसांतील १५,८४१ बाधितांची नोंद सरकारी आंकड्यांतून गळाल्याचें उघडकीस आलें. प्रयोगशाळांकडून येणारे निकाल एकत्र करण्यासाठीं तत्कालीन सार्वजनिक आरोग्यखात्यांत एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फाइली वापरल्या जात होत्या. त्या पद्धतींत ६५,५३६ हून अधिक ओळी मावत नाहींत, आणि एकेका रुग्णास अनेक ओळी लागत. फाइल भरली; पुढचे रुग्ण बाहेर राहिले; आणि येथेंही कारकुनानें चकार शब्द काढला नाहीं. दहा लाखांहून अधिक ओळी मावणारी नवी पद्धति २००७ सालापासून त्याच एक्सेलमध्यें होती. फाइल सांठवितांना एक वेगळें नांव निवडलें असतें तर काम भागलें असतें. बाधितांना स्वतःला त्यांचे निकाल कळविलेले होते. पण त्यांच्या सहवासांत आलेल्या मंडळींचा शोध मात्र त्या दिवसांत सुरू झाला नाहीं. अशा सांथींत चार दिवस म्हणजे काय, हें त्या वर्षीं घरांत कोंडून बसलेल्या कोणासही समजावून देण्याची गरज नाहीं. येथें आम्ही म्हण वापरण्यास कचरणार नाहीं. कारण हा उपाय एका कचेरीनें एकदांच करावयाचा होता.

पुन्हां जनुकांकडे वळूं. नांवें ठरविणाऱ्या समितीपुढें दोन मार्ग होते. जगांतील लक्षावधि संशोधकांना, आणि त्यांच्यामागून येणाऱ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला, रकान्याचा प्रकार ठरविण्याचा उपदेश करीत राहणें हा एक. तो सोळा वर्षें चालून झाला होता. दुसरा, नांवेंच बदलून टाकणें. समितीच्या प्रमुख एल्स्पेथ ब्रुफर्ड व त्यांचे सहकारी यांनीं दुसरा पत्करला. 'मार्च-१' चें 'मार्चएफ-१' झालें, 'सेप्ट-१' चें 'सेप्टिन-१' झालें, 'डेक-१' चें 'डेलेक-१' झालें. यावर पुष्कळांनीं कपाळास आठ्या घातल्या. शास्त्रानें बाजारी साधनापुढें मान तुकवावी हें त्यांस अपमानकारक वाटलें. आम्हांस तसें वाटत नाहीं. नांव हें हांक मारण्यासाठीं असतें, आणि जी हांक मारतांच भलताच मनुष्य उठून उभा राहतो ती बदलण्यांत कमीपणा कसला? याच नियमांच्या आधारें समितीनें इंग्रजींतील सामान्य शब्दांशीं जुळणारीं कांहीं संक्षिप्त नांवेंही बदललीं. 'कार्स' हें जनुकाचें नांव शोधावयास जावें तर मोटारगाड्यांचीच माहिती पुढें येई. म्हणून त्याचें 'कार्स-१' केलें. त्यावर कोणी रागावल्याचें आमच्या तरी ऐकिवांत नाहीं.

राग येण्यासारखी गोष्ट असलीच तर ती दुसरीकडे आहे. सोपा उपाय दुर्लक्षिल्याचा ठपका इतका वेळ आपण वापरणारांवर ठेवीत आलों. पण एक उपाय साधन घडविणारांच्या हातीं होता, आणि तो खरोखरच एकदां करून कायमचा पुरणारा होता. कारकुनास 'न विचारतां तारीख करूं नकोस' असें सांगतां येईल अशी एक कळ बसविली असती कीं झालें. व्यापाऱ्यांची सोय तशीच राहिली असती, आणि जनुकेंही सुरक्षित राहिलीं असतीं. एक्सेल वापरणारांत जीवशास्त्रज्ञ तो किती, मुठींत मावतील एवढे; तेव्हां त्यांच्या गाऱ्हाण्यास पाळी यावयास वेळ लागला, हें समजण्यासारखें आहे. ती कळ शेवटीं २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यांत आली. झीबर्ग यांच्या निबंधास तोंवर एकोणीस वर्षें होऊन गेलीं होतीं, आणि नांवें बदलून तीन.

आतां जुनें नांव घेऊन कोणी समितीच्या सूचींत शोधूं लागला, तर तेथें त्यास नवें नांव मिळतें. जुनीं नांवें 'पूर्वीचीं' म्हणून नोंदून ठेवलेलीं आहेत. परंतु छापून गेलेल्या याद्यांचें काय? मार्च कुळाखेरीज 'मार्क' नांवाचें आणखी एक कुळ होतें. मार्च या इंग्रजी शब्दाचीं पहिलीं चार अक्षरें तींच त्याचीं, म्हणून त्याच्या पहिल्या जनुकाचीही एक्सेलनें मार्चची पहिली तारीखच केली; त्याचेंही नांव पुढें बदलावें लागलें. जुन्या निबंधांच्या पुरवण्यांत कित्येक ठिकाणीं नुसती '१ मार्च' एवढीच नोंद उभी आहे. तेथें मुळांत दोहोंपैकीं कोणतें जनुक लिहिलेलें होतें, हें केवळ ती यादी पाहून सांगण्याचा मार्ग आज कोणाजवळही उरलेला नाहीं.